पेटी एकीकडे, किल्ली दुसरीकडे

खडकवस्तीवरच्या बायका एरवी कशावरूनही भांडतील. टँकरच्या रांगेवरून भांडतील, दुसरीच्या कोंबडीनं आपल्या दारात उकरलं म्हणून भांडतील. पण बचत गटाच्या पैशाला शिस्त म्हणजे शिस्त. पेटी जिच्या घरी, तिच्याकडे किल्ली राहायची नाही. किल्ली दुसरीकडे. पेटी उघडायची ती बैठकीतच, सगळ्याजणी गोल करून बसल्यावर. त्यासाठी पेटीवालीनं स्वतः किल्लीवालीच्या दाराशी जायचं आणि तिला घेऊन यायचं. निरोप धाडला तर किल्ली मिळत नसे, मग निरोप आणणारा कोणी का असेना.

हा नियम घातला साळूबाईनं. मागे एकदा वस्तीवर दुसरा गट होता. त्याची अध्यक्षीणबाई मोठी गोड बोलायची. "चौघींत कशाला गाजावाजा, आपल्या आपल्यात ठेवू," असं म्हणत तिनं पेटी आणि किल्ली दोन्ही स्वतःकडे घेतली, दोन्ही घेऊन माहेरी गेली आणि तिकडचीच झाली. तेव्हापासून साळूबाई कोणावर विश्वास ठेवत नाही. तशी ती आधीही ठेवत नव्हतीच म्हणा. सख्ख्या लेकानं आणलेली साखर पुन्हा तोलून बघणारी बाई ती. पण निदान आता तिला कारण मिळालं होतं.

तर या साळूबाईकडे किल्ली, आणि पेटी होती रेश्माकडे. पेटी म्हणजे आता पत्र्याची राहिली नव्हती, मोबाईलमधली होती. ते कसं झालं, ते सांगतो.

पाथर्डीच्या पूर्वेला डोंगराच्या कडेनं ज्या वस्त्या आहेत, तिथं दसरा झाला की घरांना कुलपं लागायला सुरुवात होते. मुकादमाचा ट्रक येतो. त्यात नवराबायको, पोरं, शेळ्या, भांडीकुंडी सगळं चढतं, आणि पुढचे पाच-सहा महिने कुठल्या तरी कारखान्याचा ऊस तोडत पाचटाच्या खोपीत काढायचे. रेश्मानं लग्न झाल्यापासून हेच केलं होतं. बारावी झालेली पोरगी, पण कोयत्याला बारावी कुठे दिसते? तिला त्याचं फारसं वाटेनासं झालं होतं. वाटायचं ते दिशाचं, तिच्या लेकीचं. पोरीची दरसाल अर्धी शाळा खोपीत जायची. नाव सहावीत आलं तरी भागाकार अजून तिसरीपासूनच सुरू होता.

मग गोधड्यांचं निघालं. वस्तीवरच्या बायकांचा हात गोधडीवर असा बसलेला की टाका मोजून घ्यावा. रेश्मानं मोबाईलवर फोटो टाकले. आधी पुण्याच्या दोघीतिघींनी घेतल्या, मग परदेशातल्या एका दुकानानं विचारलं, आणि यंदा त्याच दुकानानं एवढी मोठी मागणी दिली की आठ बायका उन्हाळाभर मान वर न करता शिवत होत्या. बाहेरचे पैसे घ्यायला ऑनलाईन खातं काढावं लागलं. पाथर्डीच्या ऑनलाईन सेंटरात त्या पोरानं रेश्माला पासवर्ड ठेवायला सांगितला, आणि कोड येण्यासाठी मोबाईल नंबर विचारला. रेश्मा आपला नंबर सांगणार, तेवढ्यात शेजारी बसलेल्या साळूबाईनं तिचा हात दाबला.

"पेटी तुज्याकडं व्हय? मंग किल्ली माज्या नंबरावर."

सेंटरवालं पोरगं हसलं. रेश्माही हसली, पण मनातून तिला लागलं. चार वर्षं एका पंगतीला बसून गोधड्या शिवल्या, आणि या म्हातारीला अजून आपला भरवसा नाही. तरी तिनं साळूबाईचाच नंबर घातला. नियम तो नियम.

पार्सल दुकानाला पोचल्याशिवाय पैसे सुटणार नव्हते. ते पोचलं, आणि पैसे खात्यात दिसायला लागले. आता फक्त गटाच्या बँकेत वळवायचे राहिले होते. दुसरं कोणी असतं तर त्याच मिनिटाला वळवून मोकळं झालं असतं. पण खडकवस्तीवर पेटी बैठकीतच उघडायची, आणि बैठक दुसऱ्या दिवशी सकाळी. म्हणून आठ घरांचा हंगाम तसाच हवेत लटकलेला होता.

आठही घरांनी यंदा मुकादमाला तोडीला येत नाही म्हणून सांगितलं होतं. ज्योतीला सातवा महिना लागलेला. मागच्या बाळंतपणाला उसाच्या फडातून ट्रॅक्टरवर दवाखान्यात न्यावं लागलं होतं, आणि ते मूल राहिलं नव्हतं. तिच्यासाठी हे नाही म्हणजे काय होतं, हे वेगळं सांगायला नको. मुकादम आदिनाथ काही वाईट माणूस नव्हता, पण त्याला हसू आलं. "उद्या सकाळी ट्रक येतोय," तो रेश्माच्या नवऱ्याला, ज्ञानेश्वरला म्हणाला. "जागा ठिवतो. गोधड्या पांघरून झाल्या की या." ज्ञानेश्वरनं घरी येऊन कोयत्याला धार लावून तो खुंटीला अडकवला. रेश्मानं ते पाहिलं. नवऱ्याचंही मन अजून ट्रकातच आहे, हे तिला कळलं.

दुपारी रेश्मा भाकरी टाकत होती. मोबाईल वाजला. मेल होती. खात्याच्या कंपनीची असते तशीच वर निळी पट्टी, तसंच चिन्ह, तिचं पूर्ण नावही. खाली लाल अक्षरांत इंग्रजी मजकूर. तिनं एकदा वाचला, मग पुन्हा वाचला. तुमच्या खात्यात संशयास्पद व्यवहार आढळला आहे. खातं थांबवलं आहे. आजच्या आज खात्री करून दिली नाही, तर खातं कायमचं बंद होईल आणि शिल्लक रक्कम परत मिळणार नाही. खाली बटण, खात्री करा.

तव्यावरची भाकरी काळी पडली. रेश्माला वासही आला नाही. डोळ्यांसमोर एकच, ज्योती ट्रकाच्या फळीवर पाय देऊन चढतेय.

आता तुम्ही म्हणाल, शिकलेली बाई, जरा थांबून विचार करायचा. म्हणा. पंख्याखाली बसून सगळ्यांनाच सुचतं. जिच्या हातात सहा बायकांचा विश्वास आणि एका म्हातारीचा अविश्वास, तिला काय सुचतं ते तिलाच ठाऊक. तिनं बटण दाबलं.

पान उघडलं ते रोजच्यासारखंच. मेल-आयडी टाकला, पासवर्ड टाकला. पुढे मोबाईल नंबर मागितला, तिनं स्वतःचा दिला. मग आलं, आता तुम्हाला आलेला कोड टाका. वरच्या कोपऱ्यात घड्याळ, आणि त्यातले आकडे उलटे पळायला लागलेले. कोड तर साळूबाईकडे. रेश्मानं पिठाच्या हातानंच फोन लावला.

"आत्या, तुमच्या मोबाईलवर काय आलंय का?"

"टिंग वाजलं खरं."

"त्यातला आकडा वाचा. सहा आकडी हाय."

"बैठक हाय का?"

"बैठक उद्या हाय, आत्या. पन हे आत्ता लागतंय. खातं बंद हुतंय आपलं."

"मंग दाराशी ये."

"घरी हायत का तुमी?"

"न्हाई. शेळ्या घिऊन वर आलेय, टाक्याच्या माळाला."

रेश्माचा तोल सुटला. "आत्या, वर यायला येळ न्हाई. सगळं बुडंल. आठ घरं ट्रकात बसतील उद्या. नुसतं सहा आकडे वाचायला काय जातंय तुमचं?"

 मग साळूबाई म्हणाली, "किल्ली तोंडी देत न्हाई मी." आणि फोन ठेवला.

रेश्माला इतका राग आला की हातातला मोबाईल भिंतीवर आपटावासा वाटला. म्हातारी आपल्या हेक्यापायी सगळ्यांना बुडवणार. उलटं घड्याळ संपलं, खाली पुन्हा पाठवा असं आलं. तिनं ते दाबलं, आणि तेवढ्यात अनोळखी नंबरावरून फोन आला.

"रेश्माताई ना? मी सृष्टी बोलतेय, खात्याच्या सुरक्षा विभागातून. घाबरू नका हं." आवाज तरुण, गोड. पुस्तकातल्यासारखं मराठी. "तुमच्या खात्यातून कुणीतरी पैसे काढायचा प्रयत्न करतंय. मी इकडून धरून ठेवलेत. पण कोड मिळाला नाही तर मलाही धरता येणार नाही."

रेश्माला रडूच कोसळलं. कोणीतरी आपल्या बाजूचं आहे, एवढंच तिला कळलं. तिनं सगळं सांगून टाकलं. कोड दुसऱ्या बाईकडे येतो, बाई म्हातारी आहे, हट्टी आहे, ऐकत नाही.

"काही काळजी करू नका, ताई. आजींचा नंबर द्या. मी स्वतः समजावते त्यांना."

रेश्मानं नंबर दिला. दिला आणि तिला हलकं वाटलं. डोळे पुसत ती म्हणाली, "तुमचे लई उपकार झाले. उद्या सकाळी आमची बैठक आहे. तेव्हा एकदा फोन कराल का? सगळ्या बायकांसमोर समजावून सांगितलंत तर बरं होईल. त्या घाबरतील ना."

"नाही नाही नाही." आवाजातला गोडवा एकदम पातळ झाला. "हे कुणाला सांगायचं नाही, ताई. घरच्यांनाही नाही. बैठकीत तर अजिबात नाही. आपल्या दोघींतच राहू दे." आणि फोन बंद.

रेश्मा उभी होती तिथंच राहिली. आपल्या दोघींत. चौघींत कशाला, आपल्या आपल्यात. हे आपण कुठं ऐकलंय, ते तिला आठवायला वेळ लागला नाही. आपल्या पैशाची राखण करणारी बाई आपल्याच बायकांना का भिते? बैठकीत पेटी उघडायला ज्याची हरकत, त्याचा डोळा पेटीवर. हे तर वस्तीवरच्या शेंबड्या पोराला माहीत होतं. आणि आपण पासवर्डही दिला, वर किल्लीवालीचा पत्ताही दिला.

तिनं ती मेल बंद केली आणि आपलं आपण खात्याचं ॲप उघडलं. हे आधी करायचं होतं. तिथं लाल अक्षरं नव्हती. खातं थांबवल्याचं चिन्ह नव्हतं. पैसे जागेवर होते. फक्त वरच्या घंटीवर एक ठिपका होता. तो दाबला तर आलं, नवीन बँक खातं जोडायची विनंती मिळाली आहे, कोडची वाट पाहत आहोत. खाली कुणा राधाकृष्ण नावाच्या माणसाचं खातं. या नावाचा माणूस तिनं उभ्या जन्मात पाहिला नव्हता. साळूबाईच्या मोबाईलवरचे ते सहा आकडे या माणसाला पेटी उघडून देणार होते.

 तिनं साळूबाईला फोन लावला. लाईन व्यस्त. पुन्हा लावला, व्यस्त. म्हणजे ती गोड बाई म्हातारीशी बोलत होती. रेश्मानं चुलीतलं जळतं लाकूड बाहेर ओढलं, स्कूटीची चावी घेतली आणि निघाली.

माळाकडे जाणारा रस्ता वस्तीच्या मधूनच जातो. ज्योती दारात बसून गोधडीचा दोरा उसवत होती. तिनं हात केला. "कुठं गं एवढ्या घाईनं?" रेश्माला थांबता आलं नाही. थांबून काय सांगणार? गटातल्या मालनबाईच्या ओट्यावर दरसाल या दिवसांत ट्रकात चढवायची पोती शिवून ठेवलेली असायची, यंदा तिथं बाजरीची कणसं वाळत पडली होती. मालनबाईनं ओट्याला नवा रंगही दिला होता. रेश्मानं नजर फिरवली आणि स्कूटी तशीच दामटली. एका हातानं पुन्हा फोन लावला. व्यस्त. पुढच्या वळणावर लावला तर टेपवरची बाई बोलली, आपण डायल केलेला क्रमांक बंद आहे.

बंद का? काम झालं म्हणून?

साळूबाईला संशय घेण्याचा गुण होता, पण लोकांच्या गोड बोलण्याला ती एरवी कधीकधी विरघळायची, हेही रेश्माला ठाऊक होतं. मढीच्या जत्रेत एका बोलघेवड्यानं तिला पितळेच्या पाटल्या सोन्याच्या म्हणून गळ्यात मारल्या होत्या. त्या पाटल्या अजून तिच्या ट्रंकेत होत्या. कुणी "आजी, आजी" करत चार शब्द प्रेमानं बोललं, सूनबाईचं गाऱ्हाणं ऐकून घेतलं, की म्हातारीच्या तोंडून काय निघेल याचा नेम नव्हता. रेश्मा मनात म्हणत होती, आत्या, आजच्या दिवस खाष्टच राहा. तिला स्वतःचीच लाज वाटली. अर्ध्या तासापूर्वी ती याच बाईला याच गुणासाठी शिव्या घालत होती.

रस्ता संपला तिथं स्कूटी टाकली आणि ती चढणीला लागली. दगडगोटे, काटे, ऑक्टोबरचं ऊन. चप्पल तुटली, ती हातात घेतली. वर हिवराच्या झाडाखाली साळूबाई बसली होती. शेळ्या पांगलेल्या. मोबाईल कुठंच दिसत नव्हता.

"आत्या," रेश्माला दम लागला होता. "दिला का आकडा?"

साळूबाईनं तिच्याकडे बघितलं. तसं बघणं रेश्मानं याआधी एकदाच पाहिलं होतं, जुन्या अध्यक्षीणबाईचं नाव निघालं तेव्हा.

"ती बाई म्हनली, रेश्मानंच नंबर दिलाय तुमचा. खरं का?"

"खरं हाय."

"मला म्हनली, रेश्माला पैसे तिच्या खात्यात घ्यायचेत, तुमी आडवं येऊ नका, तुमाला बी वाटा दिऊ." साळूबाईचा आवाज शांत होता, तेच वाईट होतं. "किती ठरलं गं तुजं?"

रेश्माला वाटलं, कानफटात मारली असती तर बरं झालं असतं. ती तिथंच काट्यात बसली. "आत्या, त्या चोर हायत. मला मेल आली. मी घाबरले. आपला पासवर्ड मीच माज्या हातानं त्यांना दिला. तुमचा नंबर बी दिला. मला वाटलं कंपनीच बोलतेय."  नाकातून पाणी गळायला लागलं. ते पुसत ती म्हणाली, "पैसे अजून हायत. तुमी आकडा दिला नसंल तरच हायत. दिला का न्हाई, एवढं सांगा. मंग मला काय बी बोला."

साळूबाई उठली, एका शेळीला दगड मारून खाली वळवली, आणि परत येऊन बसली. तेवढा वेळ रेश्माला वर्षाएवढा वाटला.

"न्हाई दिला," ती म्हणाली. "तिला म्हनलं, दाराशी ये. तर म्हनती, आजी मी मुंबईला हाय. म्हनलं, मंग यस्टीनं ये, पाथर्डीला उतर, तितनं जीप मिळती. मंग ती घान बोलली. मंग मी बी बोलले. मंग फोन मेला बंदच करून टाकला."

रेश्माला हसू आलं नाही, पण श्वास आला. तेवढाच. कारण काम अजून संपलं नव्हतं. पासवर्ड त्या लोकांच्या हातात होता. एक वाट बंद झाली तर ते दुसरी काढणार. पासवर्ड आत्ताच्या आत्ता बदलायला हवा होता, आणि तो बदलायलाही कोड लागणार होता. तिनं ते सांगितलं. साळूबाईनं ऐकून घेतलं आणि कमरेच्या पिशवीवर हात ठेवला.

"न्हाई."

"आत्या."

"चौघी आन हितं. सगळ्यांम्होरं बोल. मंग काढते."

"त्या चौघी इथवर येईस्तवर ते काय करतील सांगता येत न्हाई."

"आन तू काय करशील, ते मला सांगता येतं का? आत्ताच म्हनलीस, तुज्या हातानं दिलं."

 म्हातारीचं काही चुकत नव्हतं. रेश्मा तिच्या जागी असती तरी तिनं हेच म्हटलं असतं. खाली वस्ती दिसत होती, ज्योतीचा निळा पत्रा, मालनबाईचा रंगवलेला ओटा. शाळेच्या पटांगणात पोरं होती. त्यातली दिशा कोणती, ते इतक्या लांबून कळत नव्हतं.

रेश्मानं आपला मोबाईल साळूबाईच्या मांडीवर ठेवला. "मला आकडा सांगूच नका," ती म्हणाली. "मी पलीकडं तोंड करून बसते. तुमचा तुमी बघा आन तुमच्या हातानं यात घाला. किल्ली तुमीच फिरवा. मला दावू नका."

साळूबाईनं बराच विचार केला. मग पिशवीतून फोन काढला आणि चालू केला. चालू झाल्याबरोबर तो टिंगटिंगायला लागला, मघाचे सगळे मेसेज एकदम. रेश्मानं आपल्या मोबाईलवर पासवर्ड बदलायचं पान काढून दिलं, नवा कोड मागवला आणि पाठ फिरवली. मागे म्हातारीनं दोन्ही मोबाईलवर पदर धरला.

"शेवटचा मेसेज बघा. सगळ्यात वरचा."

"बघते की."

तिला आकडे कळायचे, पण बोट मोठं आणि घरं लहान. एक आकडा चुकला, पुसला, पुन्हा टाकला. तोवर वेळ संपली. पुन्हा मागवावा लागला. दुसऱ्या खेपेला अर्धे आकडे झाले असतील नसतील, साळूबाईचा फोन वाजायला लागला. तोच नंबर. आकडे दिसायचे बंद झाले.

"हिचं आलं पुना," साळूबाई म्हणाली. "कुठं दाबू?"

रेश्मा वळली. साळूबाईनं पटकन दोन्ही मोबाईल छातीशी धरले. रेश्मानं हात मागे घेतला आणि पुन्हा तोंड फिरवलं. "लाल गोळा हाय बघा. त्यो डावीकडं सरकवा."

वाजणं थांबलं. मग बराच वेळ साळूबाईचं पुटपुटणं तेवढं ऐकू येत होतं, एकेक आकडा ओठांत घोळवत ती घालत होती. शेळीच्या गळ्यातली घंटा वाजत होती. रेश्मा डोळे मिटून बसली होती. शेवटी साळूबाई म्हणाली, "हिरवं आलं."

"आणा इकडं. आता तुमी पाठ फिरवा."

हे म्हातारीला आवडलं नाही, पण तिनं फिरवली. रेश्मानं नवा पासवर्ड घातला. इतर सगळ्या ठिकाणांहून बाहेर काढा, असं एक बटण होतं, ते दाबलं. घंटीखालची विनंती रद्द केली. राधाकृष्ण नाव गेलं. पैसे जागेवर. तेव्हा कुठं तिचा जीव भांड्यात पडला, आणि मग ती अशी रडली की शेळ्यांनीसुद्धा चरायचं थांबवून बघितलं. साळूबाईनं तिला उगी केलं नाही. पाण्याची बाटली पुढं केली, एवढंच. उतरता उतरता रेश्मानं ऑनलाईन फसवणुकीची तक्रार घेणाऱ्या एकोणीसशे तीस नंबरला फोन करून सगळं सांगितलं, त्या बाईचा नंबरही दिला.

दुसऱ्या दिवशी बैठक ज्योतीच्या ओट्यावर भरली. गोल करून बसून झालं, आणि कोणी काही विचारायच्या आत रेश्मानं सगळं सांगितलं. काही झाकलं नाही. मेल, बटण, पासवर्ड, नंबर.  मालनबाईनं कपाळाला हात लावला. ज्योतीनं नुसता पोटावर हात ठेवला, आणि तो हात रेश्माला सगळ्या बोलण्यापेक्षा जास्त लागला.

तेवढ्यात रस्त्यावर ट्रक येऊन उभा राहिला. पलीकडच्या वस्तीची माणसं आधीच वर बसलेली. आदिनाथनं खिडकीतून हात काढून भोंगा वाजवला.

रेश्मानं मोबाईल मधोमध ठेवला. "माज्यानं चूक झाली," ती म्हणाली. "आजपासून पेटी दुसरीकडं द्या. जिच्यावर सगळ्यांचा भरवसा हाय, अशीला द्या."

मालनबाई हो म्हणायच्या बेतात होती. साळूबाईनं तिला हातानंच थांबवलं.

"पेटी हिच्याकडंच ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "माजा हिच्यावर भरवसा न्हवता, म्हनून पैसे ऱ्हायले. उद्या भरवशाची बाई बसवली, तर मी येड्यागत फोनवर किल्ली दिऊन बसंन."

कोणीतरी हसलं, मग सगळ्याच हसल्या. रेश्माला हसावं की काय करावं, कळेना. चार वर्षं जी गोष्ट काट्यासारखी सलत होती, तिच्यावरच आठ घरं उभी राहिली होती.

साळूबाईनं पदराखाली आकडे घातले, रेश्मानं पाठ फिरवून बसून घेतलं, आणि पैसे बँकेकडे वळते झाल्याचं सगळ्यांनी आळीपाळीनं मोबाईल हातात घेऊन पाहिलं. बाहेर भोंगा पुन्हा वाजला. ओट्यावरची एकही बाई उठली नाही. ज्ञानेश्वर ट्रकापाशी गेला, आदिनाथशी दोन शब्द बोलला आणि रिकाम्या हातानं परत आला. ट्रक निघाला तेव्हा दिशा दप्तर पाठीला लावून शाळेच्या वाटेला लागली होती. तिनं एकदा मागे वळून पाहिलं, आई ओट्यावरच बसलेली आहे ना, आणि मग ती पळाली.